चुंबकाच्या पोटातली रेघ

आम्हाला शाळेत विज्ञान शिकवणारे सर निवृत्त झाले, तरी त्यांच्या शर्टाचा खिसा अजून खडूनं पांढरा असतो. सोलापुरात कुठंही जुना विद्यार्थी भेटला, की ते त्याला थांबवतात आणि समोर जे असेल त्यावर चुंबक काढतात. परवा माझ्या चादरीच्या दुकानात आले. गिऱ्हाईक बसलेलं असताना त्यांनी काउंटरवरच खडूनं चुंबकाची पट्टी काढली.

“वर्गात मी चुंबकाच्या बलरेषा उत्तर ध्रुवापासून सुरू केल्या आणि दक्षिण ध्रुवावर संपवल्या. चुकलंच की ते! चुंबक तोडलं तरी प्रत्येक तुकड्याला दोन्ही ध्रुव राहतात. एकटा ध्रुव अजून कुणाला सापडलेला नाही. मग रेषा संपणार कुठं?”

त्यांनी पट्टीच्या पोटातनं दक्षिणेकडून उत्तरेकडं रेघ ओढून वेढा पुरा केला.

“किती वर्गांना अर्धंच शिकवलं रे मी!”

मला ती अर्धी आकृती लख्ख आठवत होती. अख्ख्या विज्ञानातलं तेवढंच डोक्यात उरलंय. तरी म्हणालो, “सर, त्या तासाला मी झोपलो होतो.”

सरांचा चेहरा उजळला.

“व्हय? लई बरं झालं बाळा! एक तरी वाचला.”