शेजारच्याचे कान

त्या उन्हाळ्यात आमची पलटण नियंत्रण रेषेवर होती. मी हवालदार, स्नायपर. लान्स नाईक किसन माझा स्पॉटर. आमच्या कामात जोडी असते. एक गोळी झाडतो, दुसरा शेजारी पालथा पडून दुर्बिणीतून गोळी कुठे लागली ते सांगतो आणि रेडिओ ऐकतो. मी कान्ह्याचा, तो जवळच्याच सोमाटण्याचा. एवढ्या लांब गाववाला मिळाला म्हणून मी देवाचे आभारच मानले होते.

रायफलच्या नळीच्या तोंडाला काय बसवायचं हे ठरवायला कंपनी कमांडरांनी आम्हाला रेंजवर पाठवलं. दोन नमुने होते. फ्लॅश हायडर गोळीची ज्वाला लपवतो, पण धक्का खांद्याला पुरेपूर बसतो. मझल ब्रेक धक्का कमी करतो, मात्र वायू आणि आवाज दोन्ही बाजूंना फेकतो. माझा उजवा खांदा तेव्हा जाम दुखत होता. ब्रेक लावून दहा गोळ्या झाडल्या. खांदा गप्प, नेम सुधारलेला. रेंजवर खाली सिमेंट होतं आणि दोघांच्याही कानांत प्लग होते.

निघताना किसनला विचारलं, तुला त्रास होतोय का?

"मला काय न्हाई होत, भाऊ. तुमचा नेम बसतोय न्हवं?"

मला हवं होतं तेच उत्तर आलं. मी पुन्हा विचारलं नाही. रिपोर्टमध्ये ब्रेक लिहिला.

ब्रेक बसवल्यापासून बाराव्या दिवशी पहाटे ०५४० ला आमची गस्त उघड्यावर अडकली. चार माणसं. आम्ही वर डोंगराच्या धारेवर होतो. ऑर्डर आली, "कव्हर द्या." रेडिओ नीट ऐकू यावा म्हणून किसनने प्लग काढून ठेवले होते. खाली सिमेंट नव्हतं, सुकी माती होती. तिसऱ्या गोळीला दोन्ही बाजूंनी धुळीचा लोट उठला. किसन रेडिओवर म्हणाला, "से अगेन, ओव्हर." मी चौथी झाडली. तो पुन्हा म्हणाला, "से अगेन." तेवढ्यात समोरून त्या धुळीवर मशीनगनचा बर्स्ट आला.

०५४६ ला किसन गेला. गस्तीतले चौघेही परत आले.

चौकीवरच्या सिग्नलवाल्याने नंतर सांगितलं, धूळ दिसतेय, जागा बदला, असं त्याने दोनदा कळवलं होतं. माझ्या रायफलने किसनचे कान बंद केले होते.

पेन्शनीवर आल्यावर मी सोमाटण्याला गेलो. किसनचे वडील, आबा, भाताच्या खाचरात बांध घालत होते. बांधावर बसून त्यांना सगळं सांगितलं, खांद्याचंसुद्धा. शिव्या खायची तयारी ठेवली होती. आबांनी हात धुतले.

"बैलानं पाय दिल्ता त्याच्या पायावर. नख निघालं, तरी काय झालं न्हाई म्हनायचा. तुमी त्याचं पायताण काडून बगाया पायजे व्हतं."

ते बरोबर बोलले. मला रडू आवरलं नाही.

गेल्या महिन्यात पलटणीतल्या एका सुभेदारांचा फोन आला. नव्या रायफली आल्यात, तोंडाला काय बसवावं म्हणून विचारत होते. मी म्हटलं, साहेब, सिमेंटवर नको, मातीवर झाडा. आधी स्वतः स्पॉटरच्या जागी, प्लग काढून, कानाशी रेडिओ धरून पडा. मग स्पॉटरला विचारा. तो काही होत नाही म्हणाला, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

त्यांनी विचारलं, असं का?

मी किसनचं नाव सांगितलं.