धुरपदाबाईनं बुजवलेली ढोली

त्या वर्षी सास्तूरच्या बलभीम कुंभाराचं बिऱ्हाड उन्हाळा काढायला माकणीकडच्या एका बंद तेलगिरणीत गेलं. गावाला हसू आवरेना. "काय बलभीमा, लोक थंड हवेला जातेत, तू पत्र्याखाली निघालास व्हय?"

पण पाऊस लागोपाठ दुसऱ्या साली रुसलेला. माती होती, ती मळायला पाणी नव्हतं. सहकारी गिरणीलाही दुष्काळात शेंगा मिळेनात, म्हणून तिला कुलूप. विहीर तेवढी अजून ओली होती. तिथं सोलापूरच्या काही चित्रकार-मूर्तिकारांनी उन्हाळ्यापुरतं शिबिर मांडलं, आणि गिरणीचे चेअरमन म्हणाले, कुंभार बोलवा, त्याला चिखल कळतो. मग बैलगाडीत चाक टाकून तिघं निघाले : बलभीम, त्याचा म्हातारा बाप दगडोबा आणि बायको धुरपदा.

धुरपदाला तिथलं सगळंच गमतीचं. एक दाढीवाला चित्रकार सकाळपासून एका बाभळीकडं बघत बसायचा. दगडोबा त्याला विचारी, "काय पाव्हणं, बाभळ पळून जाईल म्हणून राखण करताव का?" तो हसे आणि म्हाताऱ्याला विडी देई.

चाकावर बसायचा मान गड्याचा. पण चाकावरून उतरलेलं जाडजूड मडकं आतून दगडी गुंडा धरून, बाहेरून थापटीनं ठोकत मोठं करायचं, ते काम धुरपदाचं. तिच्या हातचा माठ टिचकीला घंटेसारखा वाजे, आणि गळका माठ तिच्या हातून कधी गेला नव्हता. याचा तिला तोरा होता.

तिनं थापटलेला एक ओला माठ शिवकांतानं मागून घेतला. शिवकांता सोलापूरची मूर्तिकार, कमी बोलणारी पोरगी. ओल्या गोणपाटाखाली माठ मऊ ठेवून तिनं त्याच्यावर भलंमोठं कडुनिंबाचं झाड कोरलं. दिवसच्या दिवस ती त्या झाडात हरवलेली. शेवटी खोडात पोपटाची ढोली म्हणून तिनं बंद्या रुपयाएवढं भोक पाडलं आणि माठ सावलीला ठेवला.

संध्याकाळी धुरपदा मडकी फिरवायला आली. तिला भोक दिसलं. कुठंतरी धक्का लागला असंल, बिचारीच्या ध्यानात न्हाय! तिनं चिखलाची गोळी करून भोक बुजवलं, आतून बाहेरून ओल्या बोटानं सांधा मिटवला, वरून खिळ्यानं सालीच्या रेघासुद्धा ओढल्या आणि समाधानानं भाकरी थापायला गेली.

सकाळी शिवकांताची किंकाळी आली. "माझं भोक कुठं गेलं?"

सगळी गिरणी गोळा झाली. धुरपदा कौतुकानं म्हणाली, "म्या बुजवलं की! आता थेंब गळायचा न्हाय."

शिवकांता माठावर बोटं फिरवत ढोलीची जागा शोधू लागली. "अहो बाई, ती ढोली होती! सगळं झाड तिच्यासाठी कोरलं होतं मी."

"अगं, इचारायचं तरी," बलभीम पुटपुटला.

"आता तुम्हीच पाडा," शिवकांता म्हणाली. "सांधा कुठाय, मला दिसतच नाही. आज नाही कापलं तर माती वाळेल आणि सुरीनं तडा जाईल."

धुरपदानं दोन्ही हात पदराखाली घेतले. "न्हाय ताई. तेवढं सांगू नका."

"नुसतं दाखवा तरी."

"दाखवलं काय नि पाडलं काय!" मग ती हळूच म्हणाली, "आमच्यात चांगल्या मडक्याला भोक पाडतेत ते सरणाला फेऱ्या घालताना. माझं मालक हितं उभं हायत, ताई."

शिवकांतानं पुढं केलेली सुरी मागं घेतली. "मला ठाऊक नव्हतं. आम्ही लिंगायत. आमच्यात पुरतात." तिनं झाडावरून हात फिरवला. "राहू द्या. असंच भाजू."

ती चिडली असती तर धुरपदानं दोन शब्द ऐकवले असते. पण तो फिरणारा हात तिला बघवेना. चूल पेटवताना, भाकरी उलटताना तोच हात डोळ्यांपुढं. दुपार कलायच्या आत ती परत आली.

"ताई, म्हादेवावर उन्हाळ्यात गळती टांगतेत न्हवं? थेंब थेंब पाण्याची?"

"टांगतात की."

"त्या मडक्याला भोक असतंया."

"असतं, पण बुडाला."

"देवाला काय, बूड नि पोट!" दगडोबा विडी झटकत म्हणाला. "पाड गं सूनबाई."

"भाजल्यावर पयलं पाणी म्हादेवावर. मगच सोलापूरला न्यायचा. कबूल?"

"कबूल," शिवकांता म्हणाली.

धुरपदानं हात धुतले, सुरी घेतली आणि नवऱ्याकडं बघितलं. "तुमी जरा भायेर जावा." बलभीम हसत गेला आणि बांधाकडं तोंड करून उभा राहिला. तिनं देवाचं नाव घेतलं, सांध्यावरून सुरी फिरवली. चिखलाचा गोळा तिच्या तळहातावर अलगद उतरला. माठाला तडा नव्हता.

मडकी भाजायचा आवा उघडला तेव्हा कडुनिंब तांबूसलाल होऊन निघाला. सगळे मिळून जवळच्या महादेवाकडं गेले, माठ पिंडीवर धरला. घागर ओतताच ढोलीतून धार उसळली, ती पिंड चुकवून पुजाऱ्याच्या धोतरावर.

"अरं, कुण्या कुंभाराचं मडकं हे!" पुजारी ओरडला.

"माझ्या हातचं!" धुरपदा ठसक्यात म्हणाली, आणि माठ जरा तिरका करून धार देवावर आणली.