मागच्या सीटवरची बाय

बायला गाडी चालवता येत नव्हती, पण आमच्या घरची गाडी आयुष्यभर तिनंच चालवली. ती मागच्या सीटवर, बरोबर ड्रायव्हरच्या पाठी बसायची. हातात छत्री. ज्या बाजूला वळायचं त्या खांद्यावर छत्रीची मूठ टेकवायची, थांबायचं असेल तर मानेखाली मधोमध. माझे सासरे जन्मभर या मुठीच्या तालावर चालले. त्यांचे शर्ट कॉलरला नाही, खांद्याला आधी विरायचे.

बाय म्हणजे माझी सासू. वटारला आमची केळीची वाडी होती, आणि सगळी आळी तिला बायच म्हणे. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या दिवशी तिला ‘तुम्ही’ म्हणाले. तिनं मागं वळून पाहिलं, आणखी कोण आलंय म्हणून. मग म्हणाली, “मी एकटीच हाय गे. तू म्हन.”

आता माझ्याविषयी सांगायला हवं. नातवंडांना वाटतं, आजी जन्मतःच शहाणी होती. त्यांचा हा समज मी आजवर जपला आहे, पण छापायला द्यायचं तर खरं लिहावं. माझा जन्म नैरोबीचा. बाबा वसईचे, तिकडं रेल्वेत नोकरीला गेले आणि तिथलेच झाले. मी तिकडं गाडी शिकले, तिकडंच लायसन्स काढलं. लग्नाच्या बोलणीत बाबांनी माझे तीन गुण सांगितले होते: स्वयंपाक, शिवण आणि ड्रायव्हिंग. पहिले दोन निव्वळ खोटे होते, त्यामुळे तिसऱ्यावर माझा फार जीव. नाताळानंतर मी वटारला आले ती काळा चष्मा, पांढरे हातमोजे आणि पर्समध्ये ते लायसन्स घेऊन. कोणी पाणी आणून दिलं तरी मी लायसन्स दाखवत असे.

माझ्या लग्नाच्या आधीच्या पावसाळ्यात सासरे गेले होते. गाडी पडवीत उभी होती. नवऱ्याने, म्हणजे पास्कलने, ती एकदाच चालवली होती आणि सरळ केळीत घातली होती. केळीचे घड वाचले, पण पास्कलने पुन्हा चाकाला हात लावला नाही. आणि गाडी बंद म्हणजे बायचं राजोडी बंद.

राजोडी तिचं माहेर. तिथं तिची धाकटी बहीण, लुसीमावशी, एका कुशीवर पडून होती. अंगावरून वारं गेलेलं, उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. तिच्या तोंडून जो आवाज येई तो फक्त बायला समजत असे, आणि तो समजून बाय तिच्याशी भांडत असे. सासरे होते तोवर दर रविवारी दुपारी बाय सुकेळ्यांची, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांची, पुडी घेऊन जायची, भांडायची आणि सुके बोंबील घेऊन परत यायची. सासरे गेले, आणि बायच्या गुडघ्यांना चालत जाणं शक्य नव्हतं. पास्कलने एकदा टांगा आणला. बायला चढवायला दोन माणसं लागली, उतरवायला चार. दुसऱ्या रविवारी टांगेवाला आलाच नाही.

मोठे दीर, बस्त्याव, यांचं म्हणणं सरळ होतं. चालवणारं माणूस नाही, गाडी गंज खातेय, सातिवलीच्या एका कारखानदाराला ती हवी आहे, ईस्टर झाला की तो घेऊन जाईल. बस्त्याव वाईट नव्हते, त्यांचं फक्त नेहमी बरोबर असायचं.

“पण मला चालवता येते,” मी म्हणाले आणि पर्स उघडली.

बस्त्यावांनी लायसन्स उलटसुलट केलं. “हे आफ्रिकेत चालतं.”

“गाडी तीच असते.”

“पोलीस तेच नसतात.”

मी म्हटलं, राजोडीपर्यंत कोण बघतंय, येत्या रविवारीच जाऊ. यावर बाय पहिल्यांदा बोलली. “नाय. सरकारचा कागद आन. माझ्या भैनीकडं मी चोरावानी जायची नाय.” मग बस्त्यावांकडे वळून म्हणाली, “ईस्टरपर्यंत कागद आला तर गाडी ऱ्हाईल. नाय आला तर ने.” बस्त्याव हो म्हणाले. त्यांनी मला हातमोज्यांत पाहिलं होतं.

कच्चं लायसन्स निघालं. शेजारी पक्कं लायसन्सवालं माणूस बसवणं भाग होतं, म्हणून भाजीचा टेम्पो चालवणाऱ्या इनासकाकांना बोलावलं. शेजारी बसणं एवढंच काम होतं, ते त्यांनी झोपून केलं. शिकवायला बाय होती, मागे.

पहिल्या दिवशी मी गाडी अशी काही झोकात मागे घेतली की ती थेट उकिरड्यात गेली. मी म्हणाले, नैरोबीत उकिरडे एवढे जवळ नसतात. बाय शांतपणे म्हणाली, “इथं पन तो तिथंच व्हता.”

तिचे नियम सरकारी पुस्तकात नव्हते. वाटेत क्रूस आला की वेग कमी करून छातीवर क्रुसाची खूण करायची. बैलगाडीच्या पुढे जायचं नाही, बैलाला वाईट वाटतं. डोक्यावर पाटी घेतलेली बाई दिसली की गाडी थांबवून तिला घ्यायचं, ती नको म्हणाली तरी. आणि भोंगा वाजवायचा नाही. हा नियम सगळ्यात कडक. मी पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्यामागे भोंगा वाजवला तर छत्रीची मूठ मानेखाली आली.

“तो कोन हाय?”

“मला काय माहीत.”

“तो कैतान हाय. मानसाला भोंगा वाजवतीस? तो काय डुक्कर हाय? नाव घेऊन हाक मार.”

मग मी खिडकीतून चष्म्यासकट डोकं बाहेर काढलं आणि म्हणाले, “कैतानकाका, जरा बाजूला व्हा.” काका बाजूला झाले नाहीत. ते खिडकीशी आले, माझ्या आईबाबांची चौकशी केली, नैरोबीत पाऊस कसा असतो ते विचारलं. मागं एक सायकल आणि दोन बैलगाड्या थांबल्या. कोणाचीच तक्रार नव्हती. त्यांनाही पावसाचं ऐकायचं होतं.

तेव्हा मला वाटायचं, ही म्हातारी माझं ड्रायव्हिंग बिघडवतेय. मी रात्री आईला पत्रात लिहायची की इथले लोक अडाणी आहेत, रस्त्यावर चालण्याऐवजी उभे राहतात. पण गाडी चालवायची तर नावं पाठ असणं भाग होतं. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होईपर्यंत मला अख्ख्या वटारची नावं आली. कोणाची सून माहेरी गेलीय आणि कोणाची येत नाही म्हणतेय, हेसुद्धा. गिअर मात्र अजून अडकत होता.

परीक्षेचे साहेब ठाण्याहून यायचे, महिन्यातून एकदा, वसईला. त्या दिवशी मी हातमोजे इस्त्री केले. इनासकाकांनी गाडी नेऊन उभी केली. बाय मागे बसलेली.

“आजी, तुम्ही उतरा,” साहेब म्हणाले.

“गाडी माझी हाय,” बाय म्हणाली. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि पुढे बसले.

मी त्यांना सांगितलं की मी नैरोबीत चार वर्षं गाडी चालवली आहे. ते म्हणाले, “बरं, आता इथं चालवा.” सुरुवात चांगली झाली. उजवा हात बाहेर काढून वळण्याची खूण केली, ती नैरोबीतही तशीच असते. मग क्रूस आला. मी वेग कमी केला, चाक सोडलं आणि कपाळापासून सुरू करून सावकाश खूण पूर्ण केली. मागे बायनेही केली. साहेबांनी काही लिहिलं.

पुढे रस्त्याच्या मधोमध एक गृहस्थ चालला होता, खांद्यावर ताडपत्रीची गुंडाळी. मी त्याच्यामागे गाडी लावली. तो चालत राहिला, मी त्याच्या वेगाने मागे.

“हॉर्न वाजवा,” साहेब म्हणाले.

मी चाक दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

“बाई, हॉर्न द्या.”

“साहेब, मला त्यांचं नाव माहीत नाही.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मागून बाय म्हणाली, “मग विचार ना. साहेब बसलेत की.”

मी डोकं बाहेर काढून विचारलं. त्याचं नाव शंकर होतं, तो पापडी गावचा होता. मी त्याला बाजूला व्हायला सांगितलं आणि तो झाला. पण तोपर्यंत साहेबांची पेन्सिल थांबली होती. ते इतकंच म्हणाले, “पुढच्या महिन्यात या.”

पुढच्या महिन्याचा दिवस ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात पडत होता. म्हणजे एकच संधी उरली. बस्त्यावांनी कारखानदाराला निरोप धाडला. घरात कोणी मला बोललं नाही, तेच जास्त लागलं. त्या रविवारी दुपारी बाय सुकेळी कागदात बांधून पडवीत जाऊन बसली. नेहमीच्या वेळी गाडीकडे पाहिलं, परत आली आणि पुडी शिंक्यावर ठेवली. मी हातमोजे पेटीत तळाशी टाकले. ते अजून तिथंच असतील.

दुसऱ्या खेपेला निघताना मी इनासकाकांच्या शेजारी गाडीत बसले, तर मागे कोणी नाही. बाय पायरीवर बसलेली.

“येत नाहीस?”

“नाय. मी मागं असले की तू माझी गाडी चालवतेस. आज त्याची चालव.” मग म्हणाली, “भोंगा वाजवायला लावला तर वाजव. कोनाला सांगायची नाय मी.”

साहेबांनी आधी मागची सीट बघितली. “आजी?”

“घरी आहेत.”

“बरं,” असं म्हणून ते जरा सैल बसले.

मी क्रुसाला मनात नमस्कार केला. एका सायकलवाल्याला भोंगा दिला, तेव्हा मान शहारली, पण मूठ आली नाही. मग रस्त्याला दोन फाटे फुटले. साहेब म्हणाले, “उजवीकडे घ्या.” मला ऐकू आलं. समजलंही. पण हात हलेनात. वटारला आल्यापासून मी खांद्यावर काही टेकल्याशिवाय एकदाही वळले नव्हते. फाटा जवळ येत होता आणि समोर कोणाच्या तरी वालाचा मांडव होता.

“बाई, उजवीकडे.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे. त्यांना मागच्या वेळची छत्री आठवली असावी. त्यांनी हात लांब करून पेन्सिल माझ्या उजव्या खांद्यावर टेकवली.

मी वळले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे वळण उत्तम होतं. परत येईपर्यंत पेन्सिल त्यांनी हातातच ठेवली, आणि दोनदा वापरली. मी पास झाले. कागदावर सही करताना ते म्हणाले, “आजींना माझा नमस्कार सांगा,” आणि चष्मा पुसत राहिले.

बायने लायसन्स हातात घेतलं, त्यातला माझा फोटो न्याहाळला. “पास झालीस ना? मग आशी रडवेली का?” एवढंच. ईस्टरनंतर सातिवलीचा माणूस आला तेव्हा तिने त्याला चहा दिला, केळीचा घड दिला आणि सांगितलं, “गाडी नाय. ती कामावर लागली.”

आम्ही राजोडीला गेलो तो ईस्टरचाच दिवस. आठ-नऊ महिन्यांनी बहीण आलेली पाहून लुसीमावशी किती आनंदेल, असं माझ्या मनात होतं. मावशीने आम्हाला दारात पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. अर्ध्या अंगाने जितकं फिरवता येतं तितकं.

“बग,” बाय मला म्हणाली, “आशी हाय ही.” मग खाटेच्या कडेला बसली आणि मावशीच्या पाठीला आठ महिन्यांचं सगळं सांगत सुटली. कोण गेलं, कोणाला काय झालं, गाय कितीला विकली, सून कशी मिळाली. “नैरोबीची हाय. येत काय नाय हिला, पन घेऊन आली.” मावशी हलली नाही. बोलता बोलता बायने पुडी सोडली. बराच वेळ झाला आणि मावशीचा डावा हात, तोंड भिंतीकडेच ठेवून, मागच्या मागे आला आणि बायपुढे पसरला. बायने त्यावर सुकेळं ठेवलं आणि बोलणं चालू ठेवलं. मी बाहेर जाऊन गाडी पुसत बसले. गाडी स्वच्छ होती.

त्यानंतर कितीतरी वर्षं आमचे रविवार तसेच गेले. मावशी आज जाईल, उद्या जाईल असं सगळे म्हणत, आणि बायने तिच्या मौतीला नेसायचं लुगडंसुद्धा वेगळं काढून ठेवलं होतं. पण आधी बाय गेली. हे कोणी धरलंच नव्हतं. चालती-बोलती, वाडीत पानं गोळा करताना बसली ती उठलीच नाही. ते लुगडं आम्ही तिलाच नेसवलं.

राजोडीला कळवायचं कोणी, यावर घरात बरंच बोलणं झालं. बस्त्यावांचं म्हणणं होतं की सांगू नये, तिला काय समजणार. पहिल्यांदाच त्यांचं बरोबर नव्हतं. मी रविवारी दुपारी निघाले. मावशीने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागच्या दाराकडे. बराच वेळ दाराकडे. मी खाटेच्या कडेला बसले आणि सांगितलं. त्या घशातून जो आवाज आला तो मला समजला नाही. समजणारं माणूस आता कोणी नव्हतं. मी म्हटलं, “हो मावशी.”

उठायला लागले तर पदर अडकला. पाहिलं, तर तिने डाव्या मुठीत धरून ठेवला होता. सोडवायला गेले, सोडेना. ताकद अजब होती त्या हातात. शेवटी मी म्हटलं, “पुढच्या रविवारी येते.” मूठ उघडली.

सांगून बसले होते, त्यामुळे जावं लागलं. मावशी त्यानंतर बरीच वर्षं जगली. मला वाटतं, मुद्दाम.