अण्णा धावले तेव्हा

वहिनींचा फोन आला तेव्हा मी बीडच्या घरी भाकरी थापत होते. “वन्सं, तुमचे अण्णा गेले…” एवढंच त्या म्हणाल्या. रडू यायच्या आधी मला भीती वाटली. दीड महिना झाला, ती अजून गेलेली नाही.

अण्णा माझे थोरले भाऊ, दिंद्रुडजवळच्या आमच्या गावातल्या दूध सोसायटीचे सचिव. अंगानं पैलवानासारखे, पण दुधाचा कॅन उचलून जरा पळाले की बोटं आखडायची, मांड्या दगड व्हायच्या. लोक त्यांना कामचुकार समजत. मागच्या दुष्काळात विहिरीतून पाणी ओढताना त्यांचे दोन्ही हात दोराभोवती तसेच घट्ट राहिले आणि संध्याकाळी लघवी काळ्या चहासारखी झाली.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी समजावलं. आपले स्नायू साखर साठवून ठेवतात, तिला ग्लायकोजेन म्हणतात. पळताना, जड उचलताना तो साठा फोडून स्नायू ताकद घेतात. अण्णांकडे साठा भरपूर होता. तो फोडणारं द्रव्यच जन्मापासून नव्हतं. एकदम जोर केला की उपाशी स्नायू झिजून फुटत आणि त्यांचा रंग मूत्रपिंडात अडके. पुन्हा झालं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर आल्यावर अण्णा हसले. “उसाच्या गावात जन्म गेला, अन् साखरच कामी येईना.”

यंदा पुन्हा दुष्काळ, म्हणून सोसायटीनं जनावरांसाठी चारा छावणी उघडली. एका दुपारी कडब्याच्या गंजीनं पेट घेतला. तिथं अण्णा-वहिनीच होते, बाकीची माणसं टँकरकडं गेलेली.

“पळू नका वो,” वहिनी म्हणाल्या.

“बांधलेली हायती गं ती…” म्हणत अण्णा पळाले. दावी कापत शेवटच्या गाईपर्यंत पोचले आणि तिथंच कोसळले. जनावरं सगळी वाचली. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले तेव्हा त्यांनी मला विचारलं, “रंग कसा हाय?” मी खाटेखालच्या लघवीच्या पिशवीकडं बघितलं आणि चादर तिच्यावर ओढली. “लई काळा हाय म्हन की,” ते हळूच म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. दोन दिवसांनी, मी घरी परतले होते तेव्हा, वहिनींचा तो फोन आला.

हा आजार भावंडांत असू शकतो. जिना चढताना माझ्याही पोटऱ्या कित्येक वर्षं आखडतात… मागच्या आठवड्यात तपासणीसाठी रक्त देऊन आले. रिपोर्ट यायचा आहे. तोवर वहिनी माझ्याकडं राहायला आल्यात. सकाळी फिरायला निघालो की त्या माझा दंड धरतात.

“हळू, वन्सं. आधी थोडं हळू, मग जरा थांबायचं. तुमचे अण्णा असंच चालायचे.”

मी थांबते. पाय सैल होईपर्यंत वहिनी शेजारी उभ्या राहतात, जशा त्या अण्णांजवळ उभ्या राहत असतील.