रस्त्यात आलेला देव

आमच्या शेतातून जो रस्ता कधी गेलाच नाही, तो ओलांडताना माझे वडील थांबायचे. डावीकडे बघायचे, उजवीकडे बघायचे, बकरीची दोरी आखडून घ्यायचे आणि भराभर पावलं टाकत पलीकडे जायचे. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं आणि रांगेने उभे पिवळे सिमेंटचे खांब, एवढंच होतं तिथे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. पुढे हसू येईनासं झालं.

आमचा पाडा तलासरी तालुक्यात. मी डहाणूला शाळेत मास्तर, तिथेच खोली करून राहतो. घरात शिकलेला मी एकटा, म्हणून कुठलाही सरकारी कागद आला की तो माझी वाट बघत देव्हाऱ्यामागे खोचलेला असायचा. रस्त्याचा कागदही मीच वाचला. तलासरीकडून निघून थेट समुद्रापर्यंत सहापदरी रस्ता आणि मध्ये खाडीवर लांबलचक पूल. ग्रामपंचायतीत त्याचं रंगीत चित्र लावलं होतं. पुलावर दिव्यांची रांग, कडेला आमच्याकडे कधी न उगवलेली झाडं, आणि माणूस मात्र एकही नाही. मी त्या चित्राच्या प्रेमातच पडलो.

"बाबा, अर्ध्या तासात डहाणू!" मी घरी येऊन सांगितलं.

"मला डहाणूला काय काम?" वडील म्हणाले.

मोजणीवाले आले आणि खांब पुरून गेले. त्यातला एक आमच्या बांधाच्या टोकाला, वाघदेवापासून हातभर अंतरावर बसला. वाघदेव म्हणजे गुडघ्याएवढा दगड, वर चंद्र-सूर्य, खाली वाघ, आणि सगळा शेंदराने माखलेला. दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला, अख्खा पाडा तिथे नारळ फोडतो आणि वर्षभर गुरांवर डोळा ठेवू नकोस, असं त्याला सांगून येतो. त्याची देखभाल आमच्या घराकडे. मी म्हटलं, जेसीबी येऊन उचलण्याआधी आपणच त्याला मानाने हलवू.

वडील म्हणाले, "त्याला इचारला का?"

विचारायचं म्हणजे भगताला बोलवायचं. तो चिमूटभर तांदूळ सुपात टाकतो आणि दाण्यांच्या जोड्या लावतो. सगळे जोडीने लागले तर देव हो म्हणाला, एक उरला तर नाही. आमच्याकडे घर बांधतानाही हे विचारतात आणि सोयरीक जुळवतानाही. पण मी पडलो विज्ञान शिकवणारा. "रस्ता काय दाण्यांना विचारून येणार आहे?" असं मी त्यांना ऐकवलं. चांगलं मोठ्याने, चार माणसांत. वडिलांनी माझ्या शिक्षणाचा मान राखला. न विचारताच आम्ही देव उचलला आणि ओढ्यापलीकडच्या टेकाडावर नेऊन बसवला. तो उचलला तेव्हा खाली काळी ओली माती होती आणि तिच्यात त्याचा ठसा. वडील त्या ठशाकडे बघत राहिले.

रस्ता आला नाही. दुसरे रस्ते आले, रेल्वेचे मोठाले खांब उभे राहिले, वाढवणच्या बंदरावरून मोर्चे निघाले. आमचा पूल तेवढा चित्रातच राहिला. पाड्यातल्या एकाने घराचं तोंड फिरवून रस्त्याकडे केलं होतं. त्याचं दार आता करवंदीच्या जाळीत उघडतं. दुसऱ्याने चहाची टपरी टाकली होती, तिच्यात कोंबड्या बसतात. त्या दोघांना मी तोंड चुकवायचो. बांधाच्या त्या टोकाकडे तर मी जाणंच सोडलं.

मग एकदा बिबट्याने गोठ्यातून बकरी नेली. आमच्या भागात बिबट्या काही नवा नाही. पण संध्याकाळी अंगणात बसलेले वडील मधेच हात वर करून सगळ्यांना गप्प करू लागले. "गाडी चाललेय," म्हणायचे. आम्ही कान द्यायचो. काहीच नसायचं. तेव्हापासूनच ते शेतातली ती खांबांमधली पट्टी थांबून, बघून ओलांडू लागले.

देव हलवला म्हणून बकरी गेली, तेव्हा त्याला परत जागेवर आणायचं, एवढाच त्यांनी ध्यास घेतला. भगताने तीनदा दाणे टाकले आणि तिन्ही वेळा एक उरला. भगत म्हणाला, "ज्याने इचारला नाय, त्यानेच येऊन इचारायचा."

वडिलांनी मला फोन केला. "मास्तर, एकदा ये आणि इचार. मी हाय तवर त्याला जाग्यावर बघू दे."

मी येतो म्हणालो. मग परीक्षा होत्या, मग प्रशिक्षण, मग निवडणुकीचं काम. ही सगळी कारणं खरी होती आणि एकही खरं नव्हतं. सुपासमोर उकिडवा बसलेला मास्तर पाड्यातल्या पोरांनी बघितला तर काय, हीच लाज होती. भाताला कणसं धरली तेव्हा वडील गेले. देव टेकाडावरच होता.

त्या वर्षी वाघबारशीला मी गेलो. सकाळी कोयता घेऊन बांधाच्या टोकाला गवत काढायला बसलो. जुनी जागा कुठली हे खांबावरूनच ओळखायचं होतं, दुसरी खूणच नव्हती. खांबाच्या नंबराची बाजू वाटेकडे. मागच्या बाजूचं गवत कापलं आणि माझा हात थांबला. खांबाला खालपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत शेंदूर लावलेला होता, थरावर थर, बोटभर जाड. बुडाशी नारळाच्या करवंट्या होत्या, जुन्या काळ्या पडलेल्या आणि गेल्या वर्षीची एक. इतकी वर्षं वडिलांनी ती जागा एक दिवसही रिकामी ठेवली नव्हती. मला सांगितलंही नव्हतं. मी तिथेच बसून रडलो.

भगत सूप घेऊन आला. सगळा पाडा उभा होता, पोरंही होती. मी उकिडवा बसलो आणि विचारलं. सगळे दाणे जोडीने लागले. आम्ही देव आणला आणि त्याच्या जागेवर बसवला.

पहार घेऊन आलेल्या पुतण्याने विचारलं, "काका, आता हा खांब उपटू ना?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. भगताला म्हटलं, "यालाही विचार."

त्याने चिमूट सोडली. जोड्या मी स्वतः लावल्या, आणि खात्रीसाठी परत लावल्या. दोन्ही वेळा एक दाणा उरला. खांब अजून तिथेच आहे.