तुमची रात्र केव्हा?

सबंध सिल्वासात सूर्याला न जुमानणारा एकच माणूस होता, आणि ते डोकमर्डीतले आमचे शेजारी. गृहस्थ अर्धवेळ फार्मासिस्ट. अर्धवेळ म्हणजे सकाळी गावातल्या मेडिकलमध्ये अर्धा, दुपारनंतर नरोलीच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात अर्धा आणि उरलेला वेळ स्कूटरवर. दोन अर्धे मिळून एक होतो हे गणित मी शाळेत शिकवायचो. त्यांच्या बाबतीत उत्तर दीड यायचं. हा माणूस जेवतो तरी कधी, या कुतूहलापायी मी त्यांच्यावर पाळत ठेवली. एका सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी पाचला पोहे खाताना सापडले. विचारलं, तर म्हणाले, नाश्ता चाललाय.

गिऱ्हाइकांशीही तोच प्रकार. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'रात्री झोपताना' असलं, की गोळी देण्याआधी हे विचारणार, "तुमची रात्र केव्हा?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, गृहस्थ चळले. पण समोरचा धुळ्याकडचा कामगार शांतपणे म्हणाला, "मनी रात सकायले नऊ वाजता व्हस, भाऊ. रातपाळी शे ना." यांनी पाकिटावर 'सकाळी नऊ' असं लिहून दिलं. आमच्या गावात दिवसभर कुणाची ना कुणाची रात्र चालूच असायची, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

वहिनी सरकारी दवाखान्यात नर्स, त्यांच्या पाळ्या बदलत्या. नवरा-बायकोची भेट फाटकात व्हायची, एक आत येताना आणि एक बाहेर पडताना. किल्ली या हातातून त्या हातात जायची, सोबत फार तर भात झाकून ठेवल्याची बातमी. एकदा वहिनी आमच्या हिला म्हणाल्या, शेजारीपाजारी म्हणतात म्हणून आमचं लग्न झालंय असं मानायचं. बोलताना हसल्या, पण डोळे भरले होते. मी ते त्यांच्या नवऱ्याच्या कानावर घातलं. पुढच्याच महिन्यात त्यांनी नरोलीची नोकरी सोडली.

पहिल्या मोकळ्या संध्याकाळी दोघं अंगणात खुर्च्या टाकून बसली. मी उगाच जास्वंदीला पाणी घालत रेंगाळलो. वहिनी चहा करायला आत गेल्या, तेव्हा हे कुंपणाशी आले आणि हळूच म्हणाले, "मास्तर, हिचे केस पांढरे झालेत."

मी म्हटलं, बरेच दिवस झाले की.

"मला आजच दिसले," ते म्हणाले.

मग परत जाऊन खुर्चीत बसले. एवढ्यात वहिनी कप घेऊन बाहेर आल्या, आणि घरी पाहुणं माणूस यावं तसे हे अदबीने उठून उभे राहिले.