पैशाचं गाणं आणि हंडीचं गाणं

लग्नात भोंगेवाल्याला जेवण सगळ्यांत शेवटी मिळतं, किस्सा मात्र सगळ्यांत आधी! नवरानवरी बोहल्यावर, पाहुणे पंगतीत आणि आम्ही भोंग्यापाशी. जे घडायचं ते आमच्या डोळ्यांदेखत. असे किस्से इतके साठलेत की एक ओढला की मागून दुसरा येतो.

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती, तेव्हाच्या या गोष्टी. आरमोरीत आम्ही तिघे. रहीमभाई मूळचे शिंपी. शिलाई मशीन विकून त्यांनी चावीचा ग्रामोफोन, ॲम्प्लिफायर आणि भोंगा आणला. दशरथभाऊ ढिवर, तलावात मासळी नसली की आमची बॅटरी कावडीनं वाहायचे. चावी फिरवायला मी. भोंग्याला काही झालं असतं तर तीन घरांच्या चुली थंड पडल्या असत्या.

तबकड्या मोजक्याच. त्यात एक फार लाडकी. एका बाजूला पैशाचं गाणं: ठसकेबाज, दर ओळीच्या शेवटी 'पैसा'. दुसऱ्या बाजूला हंडीचं गाणं: आई चुलीवर नुसतं पाणी उकळते आणि लेकरांना सांगते, भात होतोय.

*

बाजाराच्या दिवशी हंडीचं गाणं लावलं. बाया टोपल्या खाली ठेवून ऐकत उभ्या राहिल्या, पदरानं डोळे पुसू लागल्या. तेवढ्यात लुगड्यांचा दुकानदार तावातावानं आला.

"रहीमभाई, बंद करा! गिऱ्हाईक रडून राह्यलं, घेऊन नाई राह्यलं!"

रहीमभाईंनी तबकडी उलटली. पैशाचं गाणं सुरू झालं आणि बायांनी टोपल्या उचलून घरची वाट धरली. दुकानदार पुन्हा धावत आला.

"रडवा भाऊ, रडवा! निदान उभ्या तं होत्या!"

*

एका जंगल ठेकेदारानं मजुरी वाटायच्या दिवशी आम्हाला बोलावलं. त्याला मजुरी कापायची होती. गाण्याच्या नादात कोणाचं लक्ष जाणार नाही, असा त्याचा होरा. "खुशीचं लावा," म्हणाला.

पैशाचं गाणं लावलं. मजूर डोलू लागले आणि दर 'पैसा'ला ठेकेदारापुढे हात पसरू लागले! आधी हशा झाला. मग कोणी हसेना. हात तसेच पुढे, खांद्यावर कुऱ्हाडी. गाणं संपलं तरी एकही हात खाली येईना.

ठेकेदारानं मुकाट्यानं पुरी मजुरी वाटली. आम्ही आमचं भाडं मागितलं तर डाफरला, "तुमाले कायचे पैसे? तुमीच तं मले लुटलं!"

*

मालगुजारी गेली तरी आमच्या भागात जुन्या मालगुजारांना लोक मालकच म्हणायचे. अशाच एका मालकांच्या गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, हंडीचं गाणं लागलं. दर ओळीला लोक वळून मालकांच्या पोटाकडे बघू लागले. मालकांनी काठी आपटली.

"हे गानं पुन्हा आयकू आलं तं भोंगा तलावात दिसन! खिळा घे अन् खरवडून टाक. माह्यासमोर!"

रहीमभाईंनी खिळा घेतला, तबकडीवर शेवटाकडे खसकन ओरखडा काढला. मालक खूश झाले. गावाबाहेर आल्यावर दशरथभाऊंनी तबकडी पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"रहीमभाई, हे तं पैशाची बाजू खरवडली तुमी!"

"मग काय करू? हंडीच्या गान्यावर आपली हंडी चालते. पैशाचं कोन मांगते?"

*

मागितलं, आणि तेही खुद्द मालकांनीच!

त्यांच्या मुलाचं लग्न त्यांच्याच दारी होतं. गोरज मुहूर्त, मांडव खचाखच भरलेला. मुलीचे वडील राजुऱ्याकडचे शाळामास्तर, हाडकुळे, कोट घातलेले. आल्यापासून हात जोडूनच उभे होते. मालक सगळ्यांसमोर गरजले, "रहीम, पैशाचं लाव!"

रहीमभाईंचा चेहरा पांढराफटक. नाही म्हणायची सोय नव्हती. ओरखड्यापर्यंत पोचायच्या आत सुई उचलायची, एवढाच उपाय. ते बोट तयार ठेवून बसले आणि मी मनात देवाचा धावा करू लागलो.

गाणं शेवटाला आलं आणि नेमके मालक उठले.

"आयका हो! मुलीच्या बापाजवळून आमी छदाम घेतला नाई, घेनार बी नाई!"

असं बोलणं आमच्या भागात कोणी ऐकलं नव्हतं. आम्ही आ वासून बघत राहिलो. रहीमभाईंचं बोट हवेतच राहिलं आणि सुई ओरखड्यात अडकली.

"पैसा... पैसा... पैसा... पैसा..."

भोंगा सगळ्या गावाला ओरडून सांगत होता. सुई उचलायचं आम्हाला भानच राहिलं नाही. मालक काठी घेऊन आमच्याकडे निघाले. दशरथभाऊंनी भोंग्याला मिठी मारली.

मालक चार पावलांवर आले तोच मास्तर धावत आडवे आले. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून रुमालात बांधलेलं पुडकं काढलं आणि सगळ्यांदेखत मालकांच्या हातात ठेवलं.

"घ्या मालक. आमी परत जायच्या आधी कोनाले न दिसता देतो म्हनलो होतो... पन तुमी आताच मांगून राह्यले, तं आताच घ्या."

एका हातात काठी, एका हातात पुडकं. मागे भोंगा 'पैसा... पैसा...' करतच होता.

मग मालक खाली बघत, हळूच म्हणाले, "रहीम... दुसरी बाजू लाव."